तिसऱ्या खांबाजवळचं पाणी

४ सप्टेंबर, सोमवार

ही वही ह्यांनी आणून दिली. म्हणाले, "घरात जी भाषणं करतेस ती यात लिही. मी चाळीस वर्षं वर्गात गणित शिकवलं, आता म्हातारपणी तरी माझ्या कानांना सुट्टी दे." मी म्हटलं, चोवीस वर्षं गावाची नगराध्यक्ष असलेल्या बाईला वही लिहायला वेळ कुठून मिळणार? तर म्हणतात, "अजून फक्त बारा आठवडे. मग वेळच वेळ."

म्हणजे यांनी मोजून ठेवलंय! मी सहाव्यांदा उभी राहणार नाही असं परस्पर ठरवूनही टाकलंय. मी काहीच ठरवलेलं नाही. अर्ज भरायला अजून महिना आहे.

आज कचेरीत एक निनावी पत्र आलं. आमचा हेडक्लार्क पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे आणि पहिल्या दिवसापासून त्याचा चेहरा कुणीतरी गेल्यासारखा आहे, त्यामुळे त्याच्याकडे बघून बातमी बरी की वाईट ते कळत नाही. पत्रात एवढंच: "पुलाच्या तिसऱ्या खांबाजवळ पाणी उलटं वळतंय. माणूस पाठवून बघा. मागंही लिहिलं होतं. कुणी बघितलं नाही." कागदाला डांबराचा वास. म्हटलं, कुणीतरी रस्त्याचा ठेकेदार दुसऱ्या ठेकेदारावर डूख धरून असेल. फाइलला लावायला सांगितलं.

पण "मागंही लिहिलं होतं" हे डोक्यातून जाईना. हेडक्लार्कला जुनी फाइल काढायला लावली. सापडलं. दोन वर्षांपूर्वीचं, तेच अक्षर, तोच मजकूर. वर लाल शाईत शेरा: "दखल घेण्याचे कारण नाही." खाली सही माझी.

घरी येताना पुलावर थांबून वाकून वाकून बघितलं. पाणी पाण्यासारखंच दिसत होतं. तरी संध्याकाळी पूल खात्याच्या इंजिनीअरला फोन केला.

८ सप्टेंबर, शुक्रवार

इंजिनीअर म्हणून जी आली ती माझ्या भाचीच्या वयाची मुलगी. बरोबर दोन पाणबुडे. तीन तास ते खाली होते आणि ही काठावर उकिडवी बसून वहीत काहीबाही काढत होती. मग माझ्याजवळ आली, हात पुसले आणि म्हणाली, "बाई, तिसऱ्या खांबाच्या पायाखालची माती वाहून गेलीय. एका बाजूनं माझा अख्खा हात आत जाईल एवढी पोकळी आहे."

"म्हणजे पडेल?"

"आज नाही पडणार. कधी पडेल ते मी सांगू शकत नाही. त्यामुळेच मला भीती वाटतेय."

कचेरीत परत आले तर सात सदस्य आधीच जमलेले. माझ्याच बाजूचे सगळे. म्हणे, लेखी अहवाल यायला दीड महिना लागतो, तोवर थांबा. मधे निवडणूक आहे. फार तर जड गाड्या बंद करा. एकजण तर म्हणाला, "बाई, हा पूल म्हणजे तुमचं नाव आहे गावात. तुम्हीच त्याला कुलूप लावणार?"

शाळा अलीकडच्या काठाला, दवाखाना पलीकडच्या. दुसरा पूल एकतीस किलोमीटरवर. हे सगळं मला काय माहीत नव्हतं? मी इंजिनीअर मुलीला विचारलं, "तुझी आई या गावात राहत असती तर?" ती म्हणाली, "तिला मी आत्ताच फोन करून सांगितलं असतं, पुलावर जाऊ नकोस."

चार वाजता पूल बंद केला. दोन्ही टोकांना पिंपं लावली, दोरी बांधली. दोरीची शेवटची गाठ मीच मारली. दोनदा सुटली. हेडक्लार्कनं बघितलं आणि मुद्दाम दुसरीकडे बघत उभा राहिला. भला माणूस.

एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे. दरवर्षी पाण्याखालून पुलाची तपासणी व्हायला हवी. गेल्या दोन्ही वर्षी मी ती पुढे ढकलली. एकदा पाणबुडे मिळाले नाहीत, एकदा "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं. पूल माझा, त्याला काय धाड भरणार आहे, असं कुठंतरी मनात होतं.

९ सप्टेंबर, शनिवार

शाळेच्या मैदानावर सभा. अलीकडचे झाडून सगळे होते. पलीकडचे लोक गाड्या काढून एकतीस किलोमीटर फिरून आले, त्यामुळे येतानाच तापलेले. सगळ्यांत पुढे पलीकडचा बेकरीवाला. गेली दहा वर्षं मी काहीही केलं तरी हा माणूस उभा राहतो आणि छातीवर हात ठेवून "मला एकच प्रश्न विचारायचाय" म्हणतो, आणि मग अकरा प्रश्न विचारतो.

आज त्यानं खरंच एकच विचारला. "हे आधी कुणाच्या लक्षात कसं नाही आलं?"

मी दोन वर्षांपूर्वीचं पत्र काढून वाचलं. वरचा लाल शेराही वाचला. खाली सही कुणाची तेही सांगितलं. माझे सातही सदस्य जमिनीकडे बघत होते. बेकरीवाल्यानं तोंड उघडलं, मिटलं आणि बसला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

मग मागून कुणीतरी म्हातारं म्हणालं, "पूर्वी नाव होती की."

आणि सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. कारण नाव कुणाची हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि तो माझ्याशी बोलत नाही हेही.

नावाडी म्हणजे माझा दादा. आमचे आजोबा, मग बाबा, मग दादा, तिघांनी हीच नदी ओलांडून दिली गावाला. चोवीस वर्षांपूर्वी मी पूल बांधीन म्हणाले आणि निवडून आले. कामाचा पहिला दगड पडला त्या दिवशी दादा कचेरीत आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "आख्ख्या गावाचं भलं केलंस, माझ्या पोटावर पाय देऊन." त्यानंतर एक शब्द नाही. तो पुढे लाकडाच्या वखारीत लागला. त्याचं घर माझ्यापासून चार गल्ल्यांवर. वहिनी बाजारात भेटते, भाजी निवडता निवडता गावाच्या सगळ्या चौकशा करते. नवे दिवे कुठे लावले, दवाखान्यात नवी खोली कधी होणार. तिला एवढा रस कशाला हे मला कधी कळलं नाही. पण निदान बोलते तरी.

हे जेवताना म्हणाले, "मग उद्या जाणार आहेस की पिंपं मोजत बसणार आहेस?"

१० सप्टेंबर, रविवार

गेले.

चार गल्ल्या चालायला मला पाऊण तास लागला. आधी विनाकारण पोस्टात डोकावले, मग एका गटाराचं झाकण नीट बसलंय का बघितलं.

दादाच्या परसात नाव पालथी घालून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली. मला वाटलं होतं फळ्या कुजल्या असतील, फटींतून गवत आलं असेल. तर काळीकुळकुळीत, ताज्या डांबरानं चकाकत होती. एक फट म्हणून नाही. दादा तिच्याशेजारी स्टुलावर बसून हातातल्या वल्ह्याला सँडपेपर घासत होता. सत्त्याहत्तर वर्षांचा झालाय. मान वर न करता म्हणाला, "पत्र वाचायला दोन वर्षं लागली होय?"

डांबराचा वास. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला.

"तू लिहिलंस?"

"मला कुठं धड लिहिता येतं. तुझ्या वहिनीनं लिहिलं. मी सांगितलं."

"सही का नाही केलीस?"

"सही केली असती तर वाचलं असतंस?"

सही बघून कदाचित खरंच वाटलं असतं, पुलावरचा राग काढतोय.

मी तिथंच दगडावर बसले. सरळ सांगितलं, चूक झाली माझी. काल गावापुढं कबूल केलंय, आज तुझ्यापुढं करते. पूल बांधला याचं वाईट वाटत नाही, पण तुझ्याशी आधी बोलायला हवं होतं. सगळ्या गावाला विचारलं, घरात विचारलं नाही.

तो घासतच होता. मग म्हणाला, "गावात दोनशे बारा दिवे लावलेस. त्यातले नऊ बंद आहेत."

"आठ."

"नऊ. वखारीच्या कोपऱ्यावरचा कालपासून गेलाय."

आत वहिनी फिसकन हसली. दारामागे उभी होती वाटतं.

मी नावेकडे बोट दाखवलं. "चोवीस वर्षांत पाण्यात गेली नाही, तरी एक फट नाही हिला?"

"दर वर्षी डांबर लावतो. लाकडाला काय ठाऊक पूल झालाय ते."

एकदा सवय लागली की सुटत नाही त्याची. कामाशिवाय चैन पडत नाही. बाबांचं तसंच होतं.

जायला निघाले तेव्हा त्यानं वल्हं माझ्यापुढं धरलं. "दुसऱ्या टोकाला धर. उद्या उतरवायची तर आज सुलटी करायला माणसं लागतील. चार जण बोलाव. आणि हे बघ भिंगरी, मधे बोलायचं नाही. पाण्यावर मी सांगेन तसं."

भिंगरी! अडुसष्ट वर्षांची झाले मी. या नावानं मला हाक मारणारा आता हा एकच उरलाय. घरी येऊन ह्यांना सांगताना रडू आलं, तर हे म्हणाले, "रडतेस की हसतेस ते एकदा ठरव, म्हणजे मला त्याप्रमाणे चेहरा करता येईल."

१२ सप्टेंबर, मंगळवार

पहिली खेप गेली!

जाण्याआधी अर्धा तास भांडण. इंजिनीअर मुलीचा हुकूम: एका खेपेला बाराच माणसं आणि प्रत्येकाच्या अंगात फुगीर जाकीट. अग्निशमनवाल्यांनी केशरी जाकिटं दिली. दादा म्हणाला, मी पोहायला शिकलो तेव्हा तुझी आजी जन्मली नव्हती. ती म्हणाली, "आजोबा, जाकीट नाही तर नाव नाही." दादानं माझ्याकडे बघितलं. मी बोट ओठांवर ठेवलं. मधे बोलायचं नाही असं तोच म्हणाला होता. शेवटी वहिनीनं पुढे होऊन त्याला जाकीट चढवलं आणि पट्टे आवळले. एवढा मोठा केशरी भोपळा वल्हं घेऊन बसलेला बघून दोन्ही काठ हसत होते. दादाही हसला. मिशीतल्या मिशीत, पण मी बघितलं.

पहिल्या खेपेत आमच्या गल्लीतला शिंपी होता. त्याला आठवड्यातून तीनदा रक्त धुवायला दवाखान्यात जावं लागतं, चार चार तास मशीनला. एक खेप चुकली तर जिवावर बेतेल. तो उतरला तेव्हा दादानं त्याचा हात धरून ठेवला, त्याचे पाय नीट टेकेपर्यंत सोडला नाही.

मासेमारीच्या आणखी दोन लहान नावा मिळाल्या. त्या दादाच्या मागून जातात.

१९ सप्टेंबर

सकाळी सहाला काठावर, दहाला कचेरीत. काठावर मी माणसं मोजते, जाकिटं वाटते, दोर धरते. कचेरीतल्यापेक्षा इथे जास्त सह्या होतील म्हणून हेडक्लार्क एक टेबल घेऊन आलाय. काठावर टेबल, टेबलावर शिक्का, शिक्क्यावर दगड, वाऱ्यानं उडू नये म्हणून. शिक्का कसा उडेल, विचारलं तर म्हणाला, "कागदांचं वजन म्हणून दगड, बाई. शिक्का मधे सापडला."

बेकरीवाला रोज पहाटेची पहिली खेप धरून पलीकडून येतो, पावाच्या टोपल्या घेऊन. सगळ्या नावेला ताज्या पावाचा वास. दादानं नियम केलाय, टोपल्यांचं भाडं म्हणून नावेत बसलेल्या प्रत्येकाला अर्धा पाव. बेकरीवाला म्हणाला, हा अन्याय आहे. दादा म्हणाला, "मग पोहत ने." दुसऱ्या दिवशी त्यानं जास्तीची एक टोपली आणली. वर लोण्याचा डबा.

२६ सप्टेंबर

एक गंमत लिहून ठेवते. पूल होता तेव्हा माणसं गाडीची काच वर करून दीड मिनिटात पलीकडे. आता पंचवीस मिनिटं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. आज मोजलं, एका खेपेत काय काय झालं: दवाखान्यातल्या नर्सनं तिघांच्या खोकल्याचा निकाल लावला, अलीकडच्या चांभाराला पलीकडे शिवायला चार जोड चपला मिळाल्या, आणि गायनाच्या मास्तरीणबाईंनी शाळेच्या पोरींकडून एक गाणं बसवून घेतलं. पोरी पाण्यावर चांगल्या गातात म्हणे. भिंती नसतात त्यामुळे आवाज मोकळा सुटतो.

बेकरीवाला माझ्या शेजारीच बसतो हल्ली. प्रश्न विचारतो. पाणीपट्टी कशी ठरते, सदस्य अडून बसले तर काय करायचं, एखाद्याला नाही म्हणायचं तर कसं. मी म्हटलं, "नाही म्हणायच्या आधी त्याच्या घरी जाऊन बघून यायचं. मग नाही म्हटलं तरी त्याला चालतं." त्यानं चक्क पावाच्या कागदावर लिहून घेतलं. वाद घालायला मुद्दे जमवत असेल.

४ ऑक्टोबर, बुधवार

आजचा दिवस मरेपर्यंत लक्षात राहील.

सकाळी उठले तर बाहेर धुकं असं की अंगणातलं झाड दिसेना. काठावर दादा, वहिनी, शिंपी, त्याची बायको, इंजिनीअर मुलगी आणि हेडक्लार्क. बाकी कुणीच नाही. शिंप्याचा आजचा दिवस मशीनचा. सोमवारी मशीन बिघडलं होतं म्हणून ती खेप आधीच हुकलेली. चेहरा सुजलेला. गाडीनं एकतीस किलोमीटर जायचं तर त्या रस्त्यावर धुकं याहून दाट, फोन करून विचारलं होतं.

दादा म्हणाला, "मी नेतो."

इंजिनीअर मुलगी म्हणाली, "आजोबा, तुम्हाला वल्ह्याचं टोकसुद्धा दिसणार नाही. तुम्ही पुलाच्या खांबावर गेलात तर?"

दादानं नदीकडे कान लावला. मग म्हणाला, "डोळ्यांचं काम नाही. पलीकडं आवाज हवा. एका जागी, न थांबता. आणि इथंही हवा, म्हणजे मी मधोमध आहे का ते कळेल."

मी बेकरीवाल्याला फोन लावला. एवढंच म्हणाले, "धक्क्यावर जा आणि काहीतरी बडव. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही." त्यानं एक प्रश्न विचारला नाही! पाच मिनिटांत धुक्यातून आवाज आला, टण्, टण्, टण्. त्यानं भट्टीतला सगळ्यात मोठा पत्र्याचा ट्रे आणि लाटणं नेलं होतं. इकडे हेडक्लार्क शाळेत धावला आणि घंटाच उचलून घेऊन आला. तो धावला हे मी डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहिते, एरवी कुणी सांगितलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

नावेत दादा, शिंपी आणि शिंप्याची बायको. मी चढायला गेले तर दादा म्हणाला, "तू नाही. तू घंटा मार. हात ढळला तर मी भरकटेन. तुझा हात ढळत नाही, मला माहितीये."

सहा हातांवर नाव दिसेनाशी झाली. नंतर नुसता वल्ह्याचा आवाज, मग तोही नाही. मी घंटा मारत राहिले. पलीकडून टण्. इकडून घण. आधी माझी आणि त्याची गाठ पडत नव्हती, मग आपोआप पडायला लागली, एक त्याचं, एक माझं. वहिनी माझ्या दंडाला धरून उभी होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. लोक जमत गेले. इंजिनीअर मुलगी घड्याळ बघत होती. तीस मिनिटं. पस्तीस. माझा खांदा भरून आला, हेडक्लार्कनं घंटेसाठी हात पुढे केला, मी मानेनंच नाही म्हटलं.

एकेचाळीसाव्या मिनिटाला टण् थांबलं. मी घंटा मारतच राहिले. आणि मग त्या बाजूनं एकदम दहा-पंधरा ट्रे, डबे, झाकणं, जे मिळेल ते बडवल्याचा नुसता धिंगाणा. पोचले!

वहिनी मटकन वाळूत बसली. मी तिच्या शेजारी. आम्ही दोघी हसत होतो आणि थांबता येत नव्हतं.

दुपारी ऊन पडल्यावर दादा परत आला. अंगभर पावाचा चुरा. पलीकडच्यांनी त्याला सोडलंच नव्हतं. मी विचारलं, खांब कसा चुकवलास? म्हणाला, "तुझी घंटा पाठीवर घेतली आणि त्याचा ट्रे तोंडावर."

५ ऑक्टोबर

उजवा हात वर होत नाही. ह्यांनी लेखणी धरून दिली. शिंपी बरा आहे. बस्स.

१० ऑक्टोबर, मंगळवार

आज अर्ज भरायचा शेवटचा दिवस. तीन वाजेपर्यंत. अर्ज आठवड्यापासून भरून पिशवीत होता, फक्त सही राहिली होती. सातही सदस्य कालच घरी येऊन गेले. धुक्याच्या दिवसानंतर मीच येणार म्हणे, डोळे मिटून.

दुपारी सव्वादोनच्या खेपेला मी सहज नावेत चढले. दादा गेले काही दिवस मला वल्हं मारायला शिकवतो. लहानपणी मागं लागले होते तेव्हा शिकवलं नव्हतं, पोरींचे हात खरखरीत होतात म्हणाला होता. आता म्हणतो, माझी पाठ दुखते, कुणीतरी हवं. दोन खेपा झाल्या की हटकून त्याची पाठ दुखते आणि त्या नेमक्या माझ्या मोकळ्या वेळेच्या असतात.

नदीच्या मधोमध होतो तर मागून हाका. काठावर हेडक्लार्क, हातात माझा अर्ज, दुसऱ्या हातानं घड्याळ दाखवत. अडीच वाजले होते.

दादानं विचारलं, "वळवू?"

नावेत अकरा माणसं होती. मी म्हटलं, "आधी ही खेप पोचवू."

पोचलो, माणसं उतरवली, परतीची घेतली. परत आलो तेव्हा सव्वातीन. हेडक्लार्क तसाच उभा. त्याचा चेहरा नेहमीचाच, पण मला वाटतं आज त्यामागे खरंच काहीतरी होतं. मी त्याला म्हटलं, वारा उलटा होता, काय करणार.

हे रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "आज वारा? झाडाचं पान हलत नव्हतं."

"नदीवर वेगळं असतं," मी म्हटलं. यांना नदीतलं काय कळतंय. पण यांनी आज आपणहून भांडी घासली आणि घासताना शीळ घालत होते, ते का ते कळलं नाही.

मला वाटलं होतं वाईट वाटेल. अजून तरी वाटलेलं नाही. उद्या वाटेल बहुधा.

११ ऑक्टोबर

नाही वाटलं.

१३ नोव्हेंबर, सोमवार

महिनाभर वहीला हात लागला नाही. एकीकडे पुलाचं काम. पाणबुड्यांनी पोकळीत काँक्रीट भरलं, भोवती मोठाले दगड रचले, इंजिनीअर मुलीनं प्रत्येक दगड जणू स्वतःच्या घरात लावतेय असा लावून घेतला. दुसरीकडे निवडणूक. उभे राहिलेल्यांत माझ्या सातांपैकी दोघे आणि पलीकडचा बेकरीवाला.

आज निकाल. बेकरीवाला आला. अलीकडच्या काठाचीसुद्धा मतं त्याला. आजवर पलीकडचा माणूस कधी नगराध्यक्ष झालेला नाही.

संध्याकाळी नावेनंच आला, पाव घेऊन. दारात उभा राहून छातीवर हात ठेवला. मी म्हटलं, आता कसला प्रश्न?

म्हणाला, "बाई, मला एकच प्रश्न विचारायचाय. पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्यावर काय करायचं?"

"उठायचं," मी म्हटलं. "आणि गावात फिरून यायचं."

हे स्वयंपाकघरातून ओरडले, "आणि घरी येऊन भाषण करायचं नाही!"

तिघं खूप हसलो. दोन तास बसला. पावाचे कागद पुन्हा लिहून भरले. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, हा गेले दोन महिने नावेत वादाचे मुद्दे जमवत नव्हता. मीसुद्धा ना.

३० नोव्हेंबर, गुरुवार

माझ्या मुदतीचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत, आणि पुलाचा पहिला. इंजिनीअर मुलीनं काल वाळूनं भरलेले चार ट्रक पुलावर उभे करून रात्रभर मापं घेतली. सकाळी डोळे लाल, पण तोंडभर हसू. "बाई, केसभर हलला नाही."

चार वाजता दोरी सोडायची होती. दोन्ही टोकांना गर्दी. मी नव्या नगराध्यक्षाला पलीकडच्या टोकाची गाठ सोडायला सांगितली, इकडची मी सोडली. लोक दोन्हीकडून निघाले आणि मधे भेटले, मग कुणीच पुढे जाईना. मधोमध गप्पा मारत उभे. नर्स, चांभार, शिंपी आणि त्याची बायको, गाणाऱ्या पोरी. पूल चालू होऊन अर्धा तास झाला तरी एक गाडी जाऊ शकली नाही.

दादा कुठे दिसेना. बघते तर खाली काठावर, नाव बांधत होता. मी उतरले.

"चल ना वर."

"चला तुम्ही. मला हे आवरायचंय."

वहिनी म्हणाली, "अगं, यांनी आजवर त्या पुलावर पाऊल ठेवलेलं नाही. माझी बहीण पलीकडं आजारी होती तेव्हा पुतण्याच्या लहान नावेतून गेले, पण पुलावरून नाही."

मला हे माहीतच नव्हतं. चोवीस वर्षं मी समजत होते की तो फक्त माझ्याशी बोलत नाही.

मी त्याच्यापुढं हात धरला. काही बोलले नाही, पाण्यावर मधे बोलायचं नसतं. त्यानं गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली, गरज नव्हती तरी. मग हात घेतला.

वर आल्यावर लोकांनी वाट करून दिली. तो सावकाश चालत होता, प्रत्येक पाऊल चाचपून, जणू फळीवर चालतोय. तिसऱ्या खांबाच्या वर आम्ही थांबलो. त्यानं कठड्याला दोन्ही हात लावले आणि खाली बघितलं.

आणि बघतच राहिला.

मला वाटलं चक्कर आली. म्हटलं, "दादा, बसतोस का?"

"गप."

मग अगदी हळू: "अशी दिसते होय ही?"

खाली उतरतं ऊन पाण्यात आरपार गेलेलं. त्यानं बोट दाखवलं. "ती बघ, वाळूची पाठ. तिथं वल्हं घासायचं माझं, बाबांचंही घासायचं. केवढी असेल, कशी असेल, आम्ही अंदाज करायचो. ही तर पार त्या वळणापर्यंत गेलीय. आणि तो काळा पट्टा बघ. तिथं नाव आपोआप ओढायची. डोह आहे तो. केवढा मोठा डोह!" मग माझ्याकडे वळला. डोळे भरलेले, पण चेहरा पोरासारखा. "चाळीस वर्षं हिच्या अंगावर काढली. वरनं कधी बघितलीच नाही. भिंगरी, इतक्या वर्षांत कुणी मला सांगितलं का नाही?"

"तू कुणाला विचारलंस?"

तो हसला. मोठ्यानं, मागं डोकं टाकून, बाबांसारखा. आसपासचे लोक कशाला ते न कळताच हसायला लागले.

मग आम्ही तिथेच उभे राहिलो. तो एकेक जागा दाखवत गेला, इथं बाबा एकदा पडले होते, इथं मोठा मासा असतो, इथं धुक्याच्या दिवशी मला तुझी घंटा पहिल्यांदा नीट ऐकू आली. शिंपीण, पोरी, बेकरीवाला, सगळे कठड्याला ओणवून तो दाखवेल तिकडे बघत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. हेडक्लार्क केव्हातरी माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "बाई, पाच वाजून वीस मिनिटं झाली. शिक्का आणि किल्ल्या मी नव्या साहेबांना दिल्या. तुम्हाला हाक मारली होती, पण तुम्ही ऐकलं नाही."

म्हणजे वीस मिनिटं मी नगराध्यक्ष नव्हते आणि मला पत्ताच नव्हता.

"बरं केलंस," मी म्हटलं. "आता इकडे ये. तो काळा पट्टा दिसतोय का तुला?"